खापरपणजोबा काळ्या पाण्यावर : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

आपल्या घराण्यात काळ्या पाण्यावर गेलेलं कुणी आहे की नाही, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. घरातल्या सर्वांत वयस्कर आत्याला विचारा, "खापरपणजोबांच्या धाकट्या भावाचं पुढे काय झालं हो?" उत्तर "काशीला गेले ते आलेच नाहीत" असं आलं, तर कामाला लागा. "वैराग्य येऊन हिमालयात गेले" हे त्याहून आशादायक. आणि आत्या "चहा टाकते" म्हणून उठल्या, तर निम्मं संशोधन झालंच म्हणून समजा. मराठी घरांतून काशीला गेल्याचं सांगतात ते सगळे खरोखरच गेले असते, तर घाटावर पाय ठेवायला जागा उरली नसती.

आता उत्साहाच्या भरात अंदमानचं विमान पकडू नका. आधी साल ठरवा. सेल्युलर जेलचं बांधकाम 1896 मध्ये सुरू झालं आणि 1906 मध्ये पुरं झालं. तात्याराव सावरकर तिथे 1911 मध्ये पोचले. तुमचे पूर्वज 1872 मध्ये गेले असतील, तर "तात्यारावांच्या शेजारच्याच कोठडीत होते" हे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी बोटांवर वजाबाकी करा. (टाकून झालं असेल तर राहू द्या. काका लोकांनी एव्हाना हात जोडून दाद दिली असेल.)

1858 च्या आधीची शिक्षा असेल तर अंदमान विसराच. तिथल्या वसाहतीचे अधीक्षक डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरले ते त्या वर्षीच्या मार्चमध्ये. त्याआधी मुंबई इलाख्यातला जन्मठेपीचा कैदी मॉरिशसला जाई, नाहीतर सिंगापूर, मलाक्का, पिनांगकडे. मॉरिशसला हिंदी कैदी धाडणं 1815 मध्ये सुरू झालं आणि 1837 मध्ये थांबलं. चार्ल्स डार्विन 1836 मध्ये पोर्ट लुईला उतरला तेव्हा रस्त्यांवर खपणारे हे कैदी त्याने पाहिले आणि त्यांच्या रुबाबाचं कौतुक लिहून ठेवलं. मात्र मॉरिशसच्या एखाद्या मराठी कुटुंबाशी ओळख झाली, तर लगेच "आपले दोघांचेही पूर्वज कैदीच की!" म्हणून गळ्यात पडू नका. ते बहुतेक गिरमिटियांचे वंशज असतात, करारावर गेलेले. पाहुणचार मध्येच थांबू शकतो.

सिंगापूरची तऱ्हा निराळी. तिथलं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदी कैद्यांनी बांधलं. भिंतींच्या गिलाव्यात चुन्याबरोबर अंड्याचा पांढरा बलक आणि साखर घोटली होती, नारळाच्या सोडणांचं पाणीही वापरलं होतं. पॅकेज टूरवाले गाडीतूनच दाखवतात; तुम्ही खाली उतरा आणि भिंतीला हात लावून बघा. ही ने-आण एकतर्फी नव्हती, हेही जाता जाता सांगतो. तिकडचे चिनी कैदी इकडे महाबळेश्वरच्या तुरुंगात आणले होते. भाजीपाला पिकवण्यात त्यांचा हात चांगला होता. तिथल्या चायनामन्स फॉलला ते नाव उगाच पडलेलं नाही.

साल आणि ठिकाण हाती आलं की मुंबईत पुराभिलेखागाराच्या दारात जा, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. न्याय खात्याचे खंड मागा. जाताना धूळ सोसणारं नाक आणि मोडी वाचणारा मित्र न्या. मोडी वाचणाऱ्या मित्राला जेवण घालावं लागतं. तो खर्च संशोधनात धरा.

नाव शोधताना आडनावाचा हट्ट सोडा. तुम्ही देशमुख शोधत बसाल आणि कारकुनाने लिहिलेलं असेल 'रामा बिन सखाराम'. इंग्रजी स्पेलिंग साहेबाच्या कानावर अवलंबून, त्यामुळे गणूचा गुन्नू आणि बापूचा बप्पू झालेला असतो. एकाच पानावर तीन रामा बिन सखाराम निघाले तर घाबरू नका, वर्णन वाचा. कैदी पळाला तर सापडावा म्हणून सरकारने त्याला नखशिखांत टिपून ठेवलेलं असे: जात, धंदा, वय, उंची, तोंडावर देवीचे व्रण, कानाच्या पाळीला भोक, मनगटावर गोंदण. घरात त्याचा फोटो नाही, पत्रिका नाही, नाव घ्यायची बंदी. आणि त्याच्या डाव्या भुवईवर जखमेची खूण होती हे फक्त सरकारला ठाऊक. घरच्यांपेक्षा सरकारनेच त्याच्याकडे जास्त निरखून पाहिलं होतं, हे पचायला जरा वेळ लागतो.

नंतर गुन्ह्याचा रकाना येतो. इथे बरेच नवशिके वही मिटतात. अपेक्षा असते राजद्रोहाची. निघतो बांधावरून भावकीत घातलेला कुऱ्हाडीचा घाव, किंवा दरोडा. वासुदेव बळवंत फडके एकच होते, आणि त्यांनाही अंदमानला नव्हे, एडनला धाडलं होतं. काळ्या पाण्यावर गेलेल्यांतले फार थोडे क्रांतिकारक होते. बाकीच्यांचे पुतळे नाहीत, पण खापरपणतू आहेत, आणि ते हे वाचत आहेत.

आता आत्यांकडे परत जा आणि दुसरा प्रश्न विचारा, जो सहसा कुणी विचारत नाही: घरातली एखादी विधवा बाई "माहेरी गेली" आणि पुन्हा तिचं नावच निघालं नाही, असं झालंय का? महात्मा फुल्यांनी 1884 मध्ये पुण्यातल्या काशीबाईची हकिकत लिहून ठेवली आहे. तरुण ब्राह्मण विधवा. फसवला गेलेला जीव. जन्मलेलं मूल मारलं म्हणून अंदमानची जन्मठेप. त्या प्रकरणानंतरच फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. सुरतेच्या विजयालक्ष्मीला अशाच गुन्ह्यासाठी 1881 मध्ये फाशी सुनावली गेली, ती पुढे कमी होऊन काळ्या पाण्यावर आली. त्या गदारोळात बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री पुरुष तुलना' लिहिली. काशीबाई आणि विजयालक्ष्मी या दोघींची नावं लेखणीवाल्यांमुळे राहिली. तुमच्या वंशावळीत बायकांची नावं मुळातच नसतील, तर जी नाहीशी झाली ती कशी सापडायची? कैद्यांच्या यादीत मात्र तिला स्वतःची ओळ आहे, तिचं नाव आहे, उंचीसुद्धा आहे.

शिक्षेची काही वर्षं नीट काढलेल्या कैद्याला अंदमानात स्वतंत्र शेती करून राहायची मुभा मिळे आणि स्त्रियांच्या तुरुंगात जाऊन बायको पसंत करता येई. पोटजात विचारत बसायची सोय नव्हती. त्यांची मुलंबाळं तिथे 'लोकल बॉर्न' म्हणवतात आणि हिंदी बोलतात. तेव्हा तुमची भावकी बंगालच्या उपसागरात असू शकते, आणि तिची कुलदेवता कोणती हा प्रश्न तिने कधीच सोडून दिलेला असेल.

शेवटी कुलवृत्तांत. संपादक मंडळात निवृत्त बँक अधिकारी असतो. तो तुमची टाचणं वाचून घसा साफ करील आणि "परदेशगमन" असा शब्द सुचवील. "व्यवसाय" या रकान्यात "शासकीय बांधकाम" लिहा, असंही म्हणेल. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नाही. तुम्ही मात्र सरळ लिहून द्या: कलम 302, जन्मठेप, डाव्या भुवईवर खूण. फारच हुज्जत झाली तर विचारा, मंडळातल्या बाकीच्यांपैकी काशीला कोणाकोणाचे पूर्वज गेले. बैठकीतला चहा तेव्हा नक्की लवकर येतो.