पदव्युत्तर विभाग कसा सुधारावा? धडा पहिला : तिरुनीलक्कुडी

साहित्य : नदीकाठचं एक जुनं कॉलेज, ओस पडत चाललेला एक पदव्युत्तर विभाग, सात समित्या आणि तेल, लागेल तितकं.

आधी तेलाचं सांगतो. कुंभकोणमजवळच्या तिरुनीलक्कुडीत नीलकंठेश्वराचं देऊळ आहे. पिंडीवर कितीही तेल ओता, ती ते जिरवून टाकते अशी तिची ख्याती. हलाहलाने पोळलेल्या कंठाला गारवा मिळावा म्हणून हा अभिषेक. नव्या विभागप्रमुखाने एकदा तिथे उभं राहून तेल जिरताना पाहावं, म्हणजे पुढे अनुदान असंच जिरलं की दचकायला होत नाही. फरक एवढाच, की देवाकडे कुणी उपयोगिता प्रमाणपत्र मागत नाही.

मग समित्या नेमा. अभ्यासक्रमाचं नाव बदला, पेपर तेच ठेवा. मूल्यांकनाला नॅकची मंडळी येण्याआधी भिंती रंगवा. शिकवायला तासिका तत्त्वावरची पोरं आहेतच.

आता अवघड भाग : विद्यार्थी. कुंभकोणमचं सरकारी कॉलेज 1854 सालचं, कावेरीच्या काठी, ‘दक्षिणेचं केंब्रिज’ म्हणून मिरवलेलं. 1904 मध्ये तिथे रामानुजन नावाचा मुलगा शिष्यवृत्तीवर आला. गणित सोडून कशात लक्ष घालीना, इंग्रजीत नापास झाला, शिष्यवृत्ती गेली. नियमाप्रमाणे अगदी बरोबर! नवशिक्यांनी हा प्रसंग नीट अभ्यासावा, कारण इथे कुणाचंही काही चुकलेलं नाही.

चूक पुढे झाली. 1913 मध्ये मद्रास विद्यापीठाने याच मुलाला, रीतसर पदवी नसताना, दरमहा 75 रुपयांची संशोधनवृत्ती दिली. तोवर तो पोर्ट ट्रस्टमध्ये 30 रुपयांवर कारकुनी करत होता आणि कागद परवडत नाही म्हणून पाटीवर गणितं सोडवून पुसून टाकत होता. बायोमेट्रिक हजेरी नाही, मुलाखतीला बाहेरचा तज्ज्ञ नाही, नुसता पगार आणि मोकळा वेळ. असले प्रकार आपल्या विभागात होऊ देऊ नयेत.

तसंच मुलांना तंजावरपासून लांब ठेवा. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजांनी जमवलेली हस्तलिखितं आहेत, मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. एखादी मुलगी ते उलगडायला बसली की उठत नाही. मग तिचा प्रबंध मुदतीत यायचा कसा? त्यापेक्षा आधीच्या चार प्रबंधांवरून पाचवा करायला लावा. मार्गदर्शकाचीही झोप मोडत नाही.

शेवटी तिमाही अहवाल. तो मात्र रामानुजनलाही चुकला नव्हता. वृत्तीची अटच होती, दर तीन महिन्यांनी केलेलं काम लिहून द्यायचं. त्याने तीन अहवाल दिले, आणि त्यांत भरलेलं होतं काय, तर इंटिग्रेशनची नवी प्रमेयं. तुमच्याकडे चुकून असा अहवाल आलाच, तर घाबरू नका. फॉर्मात त्याला रकाना नसतो. ‘इतर’मध्ये टाका आणि पुढे पाठवा.