बोललो होतो तात्या

गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर किती आला, हे आम्ही नाशिककर क्युसेकमध्ये मोजत नाही. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. गुडघा, कंबर, छाती, गळा. पाणी ओसरलं की आधी गाळ दिसतो आणि पाठोपाठ तात्या. "बघा, मी बोललोच होतो!"

असे तात्या गल्लीगणिक एक असतात. ऑगस्ट २०१९मध्ये सराफ बाजारात पाणी शिरलं. दुकानदार बादल्यांनी गाळ उपसताहेत आणि तात्या छत्रीच्या टोकानं भिंतीवरची ओल दाखवताहेत, "गंगापूर धरणातून सोडलं ना, तेव्हाच बोललो होतो." आदल्या दिवशी त्याच ओट्यावर बसून, "अहो, मी एकोणसत्तरचा पूर पाहिलाय, हे काय पाणी आहे!" असं म्हणत यांनी दुकानदाराच्याच पैशानं भजी मागवली होती.

कांद्याचंही तसंच. नोव्हेंबर २०२३मध्ये मेव्हण्याला सल्ला दिला, "घाई करू नका, भाव अजून चढणार." डिसेंबरात केंद्रानं निर्यातबंदी केली, लासलगावला भाव कोसळले. तात्या त्याच मेव्हण्याला म्हणाले, "निवडणूक तोंडावर, बंदी येणारच. बोललो नव्हतो का?" मेव्हणा गप्प. बहीण दिलेली.

आणि तात्या खोटं बोलत नाहीत, हीच खरी पंचाईत. १९७२मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा मानसशास्त्राचे अभ्यासक बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घेतले: काय घडेल, शक्यता किती? दौरे आटोपल्यावर आपापले आकडे आठवायला सांगितले. जे घडलं होतं, त्याला आपण आधीच भरघोस शक्यता दिली होती, असं बऱ्याच जणांना अगदी मनापासून आठवलं. निकाल कळला की आठवण गुपचूप त्याच्या बाजूनं साक्ष देते. विद्यार्थी तिकडचे, पण स्मरणशक्ती आमच्या तात्यांची.

शेवटी कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं युक्ती काढली. तात्यांचं भाकीत कॅलेंडरच्या चौकोनात लिहिलं, "पाणी मारुतीच्या गुडघ्यावर जाणार नाही", आणि खाली त्यांची सही घेतली. दोन दिवसांत पाणी छातीला. अख्खी गल्ली कॅलेंडर घेऊन तात्यांसमोर उभी.

तात्यांनी चष्मा पुसला, सही निरखली. "सही माझीच," म्हणाले. "पण करतानाच मला शंका आली होती. बोललो नव्हतो का?"

तीन जणांना ते आठवलंसुद्धा.

यंदा मात्र तात्या सही करत नाहीत. तोंडीच सांगतात.