शून्य ते शंभर, व्हाया शीळफाटा

आमच्या सोसायटीच्या खजिनदारांनी रोजच्या वापरासाठी विजेवरची आलिशान गाडी घ्यायचं मनावर घेतलं आहे. रोजचा वापर म्हणजे डोंबिवली ते महापे, मध्ये काटई नाका, पलावा आणि साक्षात शीळफाटा. 'एवढी महागाची गाडी आणि त्या रस्त्याला?' असं सगळ्या नातेवाइकांनी विचारून झालं. आम्हाला विचाराल तर महागाची गाडी त्याच रस्त्याला हवी. समृद्धीवरून सुसाट जाणारा माणूस गाडीत बसतो न बसतो तोच उतरतो. त्याचं कशातही भागेल. ज्याला उमेदीची वर्षं कल्याण फाट्याच्या सिग्नलला काढायची आहेत, त्यानं बूड टेकायची जागा पारखून घ्यायला नको?

शोरूममधल्या पोराला हे कळायला वेळ लागला. तो म्हणाला, "सर, शून्य ते शंभर सहा सेकंदांच्या आत."

"शून्य ते पाच?"

"सर, असं कोणी विचारत नाही."

"कोणी नसेल विचारत. तुम्ही राहता कुठे?"

"ठाकुर्लीला, सर."

"मग तुम्हाला कळायला हवं होतं."

त्यानंतर पोरगा सरळ मुद्द्यावर आला. सीटमधून गार हवा येते, पाठ चेपून मिळते, समोरच्या पडद्यावर सिनेमा दिसतो. छत काचेचं. त्यातून कल्याण-तळोजा मेट्रोचे खांब मुळापासून माथ्यापर्यंत बघता येतील आणि काम कुठवर आलं ते कोणाला विचारावं लागणार नाही.

राहता राहिली बॅटरी पुरण्याची धास्ती. ती आमच्याकडच्या माणसाने बाळगू नये. पेट्रोलची गाडी उभ्या उभ्या पेट्रोल पिते. विजेची उभी राहिली की मोटर गप्प, खर्च काय तो एसीचा आणि पडद्याचा. वर पाय सैल सोडला की गाडी आपसूक मंदावते आणि त्यातली थोडी वीज बॅटरीत परत जाते. सारखं थांबत थांबत जायला याहून सोयीचं यंत्र नाही. कंपनी 500 किलोमीटर सांगते. भिवंडी-कल्याण-शीळ हा अख्खा रस्ता 21 किलोमीटरचा. खजिनदारांचा हिशेब असा, की बॅटरीच्या आधी डबा संपेल.

सरकारही अशा ग्राहकाच्या पाठीशी भक्कम उभं आहे. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना 6 टक्के कर लावायचं घाटत होतं. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत तो मागे घेतला. तीस लाखांवरच्या माणसाचं दुःख सरकारला फार लवकर कळतं. जीएसटी म्हणाल तर डोंबिवलीचा कारकून पेट्रोलची स्कूटर घेतो तेव्हा 18 टक्के भरतो आणि साठ लाखांच्या विजेच्या गाडीवर 5 टक्के लागतो. कारकुनाने स्कूटर घेण्याऐवजी साठ लाखांची गाडी का घेऊ नये, हे कोडं आम्हाला अजून सुटलेलं नाही. अटल सेतूवर आणि पुणे एक्स्प्रेस-वेवर विजेच्या गाड्यांना टोल माफ. शीळफाट्यातून सुटून तिथवर पोचलेल्याचा खरं तर हार घालून सत्कार व्हायला हवा. पण टोलमाफी तर टोलमाफी.

आणि आदर्श म्हणाल तर घरचाच आहे. देशातली पहिली टेस्ला 5 सप्टेंबर 2025 रोजी बीकेसीच्या दालनातून कोणी घेतली? आपले परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी, म्हणजे ओवळा-माजिवड्याच्या आमदारांनी. लोकांमध्ये जागृती व्हावी म्हणून घेतली, नातवाला देणार, असं ते म्हणाले. किंमत साठ लाखांच्या घरात, गाडी शांघायची. ज्या खात्याची लाल परी घाटात बंद पडली की प्रवासी उतरून ढकलतात, त्या खात्याच्या मंत्र्याने जागृतीची सुरुवात नातवापासून करावी, ही दूरदृष्टीच म्हणायची. आमच्या खजिनदारांना नातू नाही. जागृती त्यांना स्वतःलाच करून घ्यावी लागेल.

रस्ता सुधारणारच नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. पलावाचा पूल जुलै 2025 मध्ये खुला झाला आणि निसरडा निघाला म्हणून काही तासांत बंदही झाला. उद्घाटनाची गडबड आणि दुरुस्तीची गडबड एकाच दिवशी उरकणं हेही कौशल्य आहे. पुढे तो पुन्हा उघडला. शिवाय बुलेट ट्रेन येतेय. बीकेसीहून ती जमिनीखाली शिरणार, ठाण्याच्या खाडीखालून येणार आणि थेट शीळफाट्याला डोकं वर काढणार. बोगदाही बरोब्बर 21 किलोमीटरचाच. आमच्या रस्त्याची ख्याती जपानपर्यंत पोचली असावी. एरवी वरून यायला कोण एवढं घाबरतं? ती शीळफाट्याला थांबणार नाही. तिथे न थांबता जाणारं बहुधा ते पहिलंच वाहन.

चार्जरचा विषय सोसायटीच्या सभेत आला तेव्हा तळमजल्यावरच्या काकांनी लिफ्टचं बिल काढलं, सेक्रेटरींनी आगीची भीती घातली आणि परवानगीचा अर्ज खजिनदारांकडेच अभिप्रायासाठी गेला. त्यांनी तो त्याच बैठकीत मंजूर केला.

गाडी ठरली, पैसे भरले, मुहूर्त शनिवारी सकाळी अकराचा. शोरूमचा पोरगा नवी मुंबईहून गाडी घेऊन निघाला आणि पावणेअकराला त्याचा फोन आला, "सर, शीळफाट्याला आहे." पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला सिमेंटचा मिक्सर. मुहूर्त टळू नये म्हणून खजिनदार, वहिनी आणि गुरुजी शेअर रिक्षाने निघाले. रिक्षावाल्याने उलट्या बाजूने घातली आणि वेळेत पोचवलं. भर कोंडीत हळदकुंकू झालं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. ट्रॅफिक वॉर्डन म्हणाला, "नारळ दुभाजकावर फोडा, रस्त्यावर करवंट्या नकोत." गुरुजींनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि म्हणाले, "आता गाडी पुढे घ्या."

दीडच्या सुमारास वहिनींनी त्यातली दोन काढून घेतली. घरी सरबताला लागणार होती.