वॉचमन आणि साहेब एका पंक्तीला

मा. एस. एन. सुब्रह्मण्यन यांस,
अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, लार्सन अँड टुब्रो

सा. न. वि. वि.

कर्मचाऱ्यांना रविवारीही कामाला जुंपता येत नाही, ही आपली खंत जानेवारी 2025 मध्ये देशभर पोचली. आठवड्याला 90 तास काम करा, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असेही आपण विचारलेत. त्यावर लोक तुटून पडले आणि कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून बसले.

2023-24 मध्ये आपल्याला मिळाले सुमारे 51 कोटी. त्यात मूळ पगार जेमतेम 3 कोटी 60 लाख. 35 कोटींहून जास्त रक्कम निव्वळ कमिशनची. पगाराच्या उतरंडीत बरोबर मधोमध असलेल्या कर्मचाऱ्याला वर्षाचे साडेनऊ लाख. म्हणजे फरक 534 पटींचा. कंपनी कायद्याच्या कलम 197 मुळे हा आकडा छापणे भाग पडते, नाहीतर आपल्या विनयाने तो झाकलाच असता.

आपला सल्ला त्या कर्मचाऱ्याने मनावर घेतला, 48 ऐवजी 90 तास राबला आणि तासागणिक पैसेही मिळाले, असे धरू. वर्षाचे 18 लाखही होत नाहीत. आपल्या एका वर्षाच्या कमाईसाठी त्याला सुमारे 285 वर्षे लागतील. पेन्शनचे काय ते तेव्हा बघता येईल.

श्रीमंतांवर जास्त कर लावा, अशी ओरड करणाऱ्यांकडे आपण लक्ष देऊ नये. सरकारही देत नाही. इस्टेट ड्यूटी 1985 मध्ये गेली. संपत्ती कर 2015 मध्ये गेला. वसुलीचा खटाटोप फार आणि हाती येते थोडे, हे कारण. 2019 मध्ये 5 कोटींवरच्या उत्पन्नाला 37 टक्के अधिभार लागला आणि कमाल कर 42.74 टक्क्यांवर गेला. 2023 च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत तो 39 वर आणला. 51 कोटींवर ढोबळ बचत 1 कोटी 90 लाख, म्हणजे मघाच्या कर्मचाऱ्याची वीस वर्षांची कमाई.

खरी समता हवी तर व्यवसाय कर बघावा. महाराष्ट्रात तो 1975 मध्ये रोजगार हमी योजनेसाठी सुरू झाला: शहरातल्या पगारदाराने द्यायचे, दुष्काळी गावातल्या मजुराला काम मिळायचे. आज सोसायटीच्या वॉचमनचा पगार 10,000 च्या वर गेला, की वर्षाला 2,500 रुपये कापले जातात. घटनेच्या कलम 276 मुळे कोणतेही राज्य आपल्याकडूनही त्याहून एक रुपया जास्त घेऊ शकत नाही. ही मर्यादा 1988 पासून जागची हललेली नाही. अर्थमंत्र्यांची गाठ पडलीच, तर तेवढा शब्द टाकावा.

आपले नम्र,
व्यवसाय कराच्या पंक्तीतले सहभोजी

ता. क. : दरमहा 200 प्रमाणे बारा महिन्यांचे 2,400 होतात. राहिलेले 100 बुडू नयेत म्हणून वॉचमनच्या फेब्रुवारीच्या पगारातून 300 कापतात.