उलार

रविवारी संध्याकाळी साडेसातला आमच्या आर्णीच्या स्वयंपाकघरात अमेरिका उगवते. मिशिगनात तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. तिकडे नातवंडांच्या तोंडाला पॅनकेकचा पाक लागलेला असतो, इकडे आमच्या हिच्या कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायचा आणि ज्याला जितका दिसेल तितका त्यानं दिसायचं, असा रिवाज आहे. मोठेबाबांचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, बहुतेक वेळा एक कान तेवढा दिसतो.

गेल्या एप्रिलात अशाच एका रविवारी लेक म्हणाली, "बाबा, आम्ही घर घेतोय."

"आहे त्याला काय झालं?" ही पिठाच्या हातानंच पुढं सरकली.

"ते आहेच गं. हे दुसरं. घडीचं."

घडीची खुर्ची ठाऊक होती, पलंग ठाऊक होता, चष्मासुद्धा ठाऊक होता. घराची घडी बसली की विस्कटते एवढंच आम्ही ऐकून होतो. घडी घालून गॅरेजमध्ये ठेवायचं घर म्हणजे काय, हे कळायला दोन रविवार गेले. दोन चाकांवर एक चपटी पेटी. बंद असली तर छातीइतकी उंच, आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेची थोरली बहीण. गाडीच्या मागं अडकवून न्यायची. मुक्कामाला पोचलं की एक हँडल फिरवायचं. चार कोपऱ्यांतले चार खांब छप्पर घेऊन वर चढतात. मग पुढून एक आणि मागून एक असे दोन पलंग ड्रॉवरसारखे बाहेर ओढायचे आणि मधल्या मोकळ्या जागेत कॅनव्हासच्या भिंती ताणायच्या. आत दोन शेगड्यांचा गॅस, वाटीएवढं सिंक आणि रात्री पलंग होणारं जेवायचं टेबल. नातवानं नाव सांगितलं, पॉप-अप कॅम्पर.

"छत्री हाय म्हना की चाकावरची," मोठेबाबांचा कान म्हणाला.

मोठीआईनं, म्हणजे माझ्या वहिनीनं, फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. तिची नजर त्या बाहेर आलेल्या पलंगांवर खिळली होती. खाली जमीन नाही, भिंत नाही, नुसते दोन लोखंडी टेकू. "म्हंजे अधांतरीच निजाचं का वो बाई?" तिला काही ते पटलं नाही. आमच्या हिला वेगळीच काळजी. पुसदच्या विहीणबाई सहा महिन्यांसाठी तिकडे गेलेल्या, त्यांना या पेटीत कुठं झोपवणार? जावयांचं मात्र सगळं ठरलेलं होतं. तंबूत पाठ दुखते आणि मोठं चाकांचं घर परवडत नाही, ठेवायला जागाही नाही. हे दोन्हींच्या मधलं. वापरलेलं घेतलं तर चार-पाच हजार डॉलरात बसतं.

मोठेबाबांनी मनातल्या मनात हिशेब केला. "चार लाख! एवढ्यात तं बैलजोडी येते, बंडी येते, अन् वरून म्हैस येते."

मोठेबाबा एक्याऐंशी वर्षांचे. अरुणावतीच्या काठाला त्यांची दहा एकर. पन्नास वर्षं त्यांनी बंडी हाकली आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीकडे ते धुरेवर बसूनच पाहतात. निवडणूक असो, सोयरीक असो, त्यांचा पहिला प्रश्न एकच, "ओढनार कोन?"

तो त्यांनी जावयांनाही विचारला. जावई आकडेमोडीतले. त्यांनी झटकन सांगितलं, आमची सात जणांची मिनीव्हॅन साडेतीन हजार पौंड ओढते, म्हणजे सुमारे सोळाशे किलो. पाहून ठेवलेला कॅम्पर रिकामा चोवीसशे पौंड, म्हणजे अकराशे किलोच्या आत. पाचशे किलो शिल्लक.

"जवाईबापू, रिकाम्या बंडीचं वजन कोन धरते? भरल्या बंडीचं सांगा."

पलीकडे थोडी शांतता पसरली. मग यादी सुरू झाली. पाणी, लिटरला किलो. गॅसची टाकी. बॅटरी. गाद्या, भांडी, सायकली. बर्फाची पेटी. विहीणबाईंचा कुकर, पोळपाट आणि पूजेचा डबा. शिवाय व्हॅनमध्ये बसलेली पाच माणसं काही वाऱ्यावर तरंगत येणार नव्हती, त्यांचाही भार त्याच इंजिनावर. पाचशे किलो कुठं गेले ते कळलंच नाही. मला नंतर समजलं की घेणारे पुष्कळ लोक इथंच फसतात. दुकानात रिकामी पेटी पाहतात आणि रस्त्यावर भरलेली ओढतात.

पण मोठेबाबांचा खरा प्रश्न पुढं होता. "उलार तं नाई होनार?"

हा शब्द जावयांना समजावून सांगायला मला लागलेली दहा मिनिटं माझ्या मास्तरकीतल्या शेवटच्या यशस्वी तासांपैकी धरायला हरकत नाही. बंडीत ओझं मागं जास्त झालं की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं, चढावर तर बैलांच्या गळ्याला जोत्यांचा फास बसतो. ही उलार बंडी. उलट ओझं फार पुढं आलं तर जू मानेवर दाबतं, खांदे सुजतात. चांगला धुरकरी पोती रचताना दर दोन पोत्यांनी जू हातानं उचलून पाहतो. हाताला किंचित जड लागलं पाहिजे, बस्स.

जावई ऐकत होते. मग म्हणाले, "बाबा, हे तर पुस्तकात आहे." त्यांच्या पुस्तकात लिहिलं होतं की भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीवर, जिथं तो गाडीला अडकतो तिथं, आला पाहिजे. कमी आला तर वेग घेतल्यावर ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे झुलायला लागतो आणि गाडीलाच घेऊन पडतो. जास्त आला तर गाडीचं मागलं अंग बसतं. "दहा ते पंधरा टक्के," मी मोठेबाबांना सांगितलं. त्यांनी उजवा हात पुढं करून हवेतलं एक जू उचललं, तोललं आणि मान डोलावली. टक्का जुळला होता.

मलाही एक बंडी आठवते. 1966 च्या मार्गशीर्षात दत्तजयंतीला आम्ही माहूरला गेलो होतो. आर्णीहून माहूर चाळीसेक किलोमीटर. धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडली की गड दिसायला लागतो. एसटीनं हे काही तासांचं काम, पण बंडीनं गेलं की मधे एक रात्र पडते, आणि आजीला ती रात्रच हवी असायची असा मला आज संशय येतो. बंडीवर बांबूच्या कामट्या वाकवून कमानी केल्या होत्या, वर ताडपत्री, खाली तणसाचा बिछाना, त्यावर वाकळ. मुक्कामाला बैल सोडले, जुवाखाली टेकू दिला, चाकाखाली दगड सारला. तीन दगडांची चूल, झुणका, भाकरी. आत आई, आजी आणि आम्ही पाच भावंडं. वडील बंडीखाली, बैलांशेजारी. मी नऊ वर्षांचा. काठाला झोपायला मिळालं म्हणून राजा झालो होतो आणि रात्री थंडीनं सरकत सरकत कधी मधे आजीच्या लुगड्यात शिरलो ते कळलं नाही. त्या दत्तदर्शनातलं मला काही आठवत नाही. चूल मात्र आठवते. धुराचा वाससुद्धा.

तर कॅनव्हास, कमानी, टेकू आणि दगड या चार गोष्टींसाठी अमेरिकेला शोध लावावे लागले, याची मोठेबाबांना गंमत वाटायची. शोध लावणारेही शेतकरीच म्हणायचे. इंडियाना राज्यातल्या मिडलबरी गावच्या लॉइड बॉन्ट्रेगरनं 1968 मध्ये आपल्या शेतावरच असे घडीचे कॅम्पर बनवायला सुरुवात केली. छप्पर वर चढवायची युक्ती त्यानंच बसवली होती. पुढं त्याची जेको कंपनी फार मोठी झाली. त्या मुलखात आमिश लोकांची वस्ती आहे. ते मोटार बाळगत नाहीत, घोडागाडीतून फिरतात, आणि त्यांच्यातले पुष्कळ जण याच कारखान्यांत कामाला जातात. हे ऐकून मोठेबाबा तर त्या लोकांना आर्णीला जेवायलाच बोलवायला निघाले.

कॅरॅव्हॅन हा शब्दसुद्धा मूळचा फारसी कारवान. इंग्रजांनी तो नेला, मग त्याचं मुंडकं उडवून उरलेल्याला व्हॅन म्हणाले. आमच्याकडे त्याला तांडा म्हणतात. बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे धान्य आणि मीठ लादून मुलूखच्या मुलूख पालथे घालायचे, त्या मालवाहतुकीला लदेणी म्हणत. रेल्वे आली, लदेणी संपली, तांडे थांबले. आज आमच्या तालुक्यात जागोजाग तांडे आहेत, त्यांत सिमेंटची घरं आहेत, शाळा आहे, टॉवर आहे, आणि पाटीवर नाव मात्र अजून तांडाच. काठेवाडी तर अजूनही उन्हाळ्यात दिसतात. उंटावर खाट उलटी बांधलेली, तिच्या चार पायांच्या मधे लेकरू, कोंबडी आणि डेगची. त्याहून आटोपशीर पॉप-अप मी पाहिलेला नाही.

शेजारचे निवृत्त हेडक्लार्क रोज विचारायचे, आपल्याकडे आणता येईल का हो असलं? महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं हे त्यांनी कात्रणासह दाखवलं. मग त्यांनीच आणखी एक गोष्ट शोधून काढली. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच. त्याला इंजिन नाही, पण स्वतःची नोंदणी हवी. "मंग बैल जुपले तं?" मोठेबाबांनी विचारलं. हेडक्लार्क ते कलम अजून शोधताहेत.

मे महिन्यात पाहणी सुरू झाली. पहिला कॅम्पर फोटोत नवरीसारखा. जावयांनी फोन हातात धरून आम्हालाही आत नेलं. छप्पर वर चढलं, पण एक कोपरा बाकीच्या तिघांच्या मागं राहिला. मोठीआई लगेच म्हणाली, "लंगडते वो." लेक आत शिरली आणि नाक दाबून बाहेर आली. कॅनव्हास ओला असताना घडी घातलेली. बुरशीचे काळे ठिपके सगळीकडे. दाराजवळ पाय दाबला तर फळी स्पंजासारखी खाली गेली. विकणारा म्हणत होता, जरा ऊन दाखवलं की वास जातो. पावसाळ्यात भिजलेली गंजी आणि तिचा मालक आम्ही पाहिलेले होते. हिनं इकडून हात हलवला, "चल, निघ तिथून."

दुसरा एका वयस्क जोडप्याचा. रंग उडालेला, पण चारही कोपरे एका दमात वर. लेकीनं दार लावून आत उभं राहून कॅनव्हासमधून कुठं उजेडाची टाचणी दिसते का ते पाहिलं. दिसली नाही. मग चाकं. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2314 म्हणजे 2014 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. हे सांगताच मोठेबाबा पहिल्यांदाच कानाऐवजी पूर्ण चेहऱ्यानिशी पडद्यात आले. "दात पायते म्हना की! दुदाती, चौदाती... हा तं जुयला बैल झाला." नक्षी शाबूत होती, रबर मात्र म्हातारं. टायर बदलायचे, त्याचे पैसे किमतीतून कापायचे, असं ठरलं. बैलबाजारात सौदा रुमालाखाली बोटं दाबून होतो, तोंडानं कोणी भाव बोलत नाही. तिथं रुमाल नव्हता. जावयांनी भाव उघड्यावर बोलून टाकला आणि तो ताबडतोब मान्य झाला, म्हणजे थोडा जास्तच बोलले असणार. ते आम्ही त्यांना सांगितलं नाही.

निघताना त्या आजींनी लेकीच्या हातात एक वही दिली म्हणे. कुठल्या वर्षी कुठं मुक्काम केला, पाऊस किती, कोणाला ताप आला, सगळं लिहिलेलं. शेवटची सहा पानं कोरी होती. आमची ही त्या वहीबद्दल अजून विचारत असते. कॅम्परबद्दल नाही.

तिथल्या सरकारी उद्यानांत जागा सहा महिने आधीपासून अडवून ठेवतात, त्यामुळे जूनमध्ये कुठंच शिरकाव नव्हता. तेव्हा पहिला मुक्काम स्वतःच्याच घरासमोर, गॅरेजच्या वाटेवर करायचा ठरला. काय विसरलं ते कळतं आणि विसरलेलं आणायला दहा पावलं चालावं लागतं. मोठेबाबांनी तीनदा बजावलं, गाडी सोडायच्या आधी चाकाखाली दगड. जावयांनी पिवळ्या प्लॅस्टिकचे दोन दगड दाखवले. ते मोठेबाबांना मान्य झाले नाहीत.

पुढं व्हायचं तेच झालं. रात्री पाऊस आला. सकाळी कॅनव्हास ओला, घडी घालायची सोय नाही, म्हणून ते घर चार दिवस घरासमोर उघडंच राहिलं. नातवंडं खऱ्या घरात यायला तयार नव्हती. लेकीनं ऑफिसची एक मीटिंग तिथूनच केली. विहीणबाईंनी, ज्यांच्या झोपायच्या जागेवरून आम्ही दोन महिने जीव काढला होता, तिथं पोहे केले आणि शेजारच्या तीन घरांना वाटले.

पाचव्या दिवशी फोटो आला. पहाटे टेबलावर मोबाइल ठेवून काढलेला. पुढचा पलंग नीट अंथरलेला, उशा जागच्या जागी, रिकामा. मागच्या पलंगावर पाचही जण. विहीणबाई मधे, नातू त्यांच्या पदरात, नात आडवी, लेक काठाला, आणि जावयांचे फक्त पाय.

हिनं तो फोटो बराच वेळ पाहिला आणि मोबाइल मोठेबाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला.

"सारेच्या सारे मागच्याच अंगाला? उलार होईन नं बापा!"

"खाली टेकू आहेत, मोठेबाबा. चारही कोपऱ्यांना," मी म्हणालो.

"असन. पुढच्या पलंगावर दोन पोते ठेवा म्हना."