म्हणींचे दप्तर

इंग्रजी व्याकरण म्हणींच्या द्वारे शिकवावे, म्हणजे नियम कंठस्थ होऊन शिवाय शहाणपणही पदरात पडते, असा ज्या मार्गदर्शिकाकारांचा दृढ समज आहे, त्यांनी म्हणींचे दप्तर एकदा स्वतः तपासावे, असा आमचा नम्र अर्ज आहे. प्रत्येक वाक्यास क्रियापद अवश्य असावे, असे फर्मान सोडून पुढल्याच पृष्ठावर ‘लाइक फादर, लाइक सन’ आणि ‘मोअर हेस्ट, लेस स्पीड’ ही क्रियापदास कायमची रजा दिलेली वाक्ये आदर्श म्हणून मांडली जातात. ‘हँडसम इज ॲज हँडसम डज’ येथे तर विशेषणच बिनदिक्कत कर्त्याच्या गादीवर बसते. जॉन हेवुडने इंग्रजी म्हणींचा संग्रह छापला १५४६ साली. विल्यम बुलोकरचे इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण निघाले १५८६ मध्ये. म्हणजे कायद्यापूर्वीची ही इनामदार मंडळी. त्यांची सनद तपासणार कोण? परीक्षार्थी मात्र साधी रयत. त्याच्या निबंधात एखादे वाक्य क्रियापदावाचून सापडले, की तांबड्या शाईने दंड वसूल होतो, आणि खाली शेरा पडतो : ‘म्हणींचा वापर वाढवावा.’