जुनी रहस्यकथा वाचावी कशी : पुणतांबेकरांसाठी खास सूचना

पुस्तक नवे घेऊ नये. नव्या आवृत्तीची पाने पूर्ण असतात, मग वाचकाला कामच उरत नाही. प्रत वाचनालयाचीच हवी : पाठीची शिवण सुटलेली, चहाचे डाग पडलेली आणि पहिल्याच पानावर कुणा परोपकारी माणसाने पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेली. त्या नावावर विसंबू नये. असले लोक मुद्दाम चुकीचे नाव लिहितात.

शेवटचे पान गळाले असेल तर कुरकुर करू नये. निदान पुणतांब्याच्या माणसाने नाही. चांगदेवांची समाधी आपल्याच गावात आहे. ज्ञानेश्वरांना लहान समजून आशीर्वाद लिहावा की थोर समजून नमस्कार, हे ठरेना, म्हणून चांगदेवांनी कोराच कागद धाडला, अशी कथा आहे. त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर आले. आपल्याला तर एका हरवलेल्या पानावरून फक्त एक खुनी काढायचा आहे.

वाचायला स्टेशनावर बसावे. गाडी आली तरी खुनी सापडेपर्यंत उठू नये. मात्र पुढची गाडी धरताना ती शिर्डीच्या फाट्याला वळणार नाही ना, एवढे बघावे.

बाबूराव अर्णाळकर हाती आले तर दमाने वाचू नये. त्यांनी हजाराच्या वर पुस्तके लिहिली. आपण विचार करत बसलो तर त्यांचा नायक झुंजार पुढच्या पुस्तकात पोचलेला असतो. नायिका टेलिफोन शोधत अंधारात पळते तेव्हा शेजारचा नातू म्हणेल, “आजोबा, तिने लोकेशन का नाही पाठवलं?” त्याला पाणी आणायला पिटाळावे.

कोर्टाच्या कादंबऱ्यांना जास्त जपावे. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास असो की 1933 साली अवतरलेला गार्डनरचा पेरी मेसन. ज्युरीचा उल्लेख आला की घरातले वडीलधारे 1959च्या, ज्युरीपुढे चाललेल्या नानावटी खून खटल्यावर घसरतात. तेव्हा पुस्तक मिटून तासभर ऐकून घ्यावे, कारण ती हकिगत बहुधा हातातल्या कादंबरीपेक्षा सरस निघते.

आणि ज्याची बांधाची केस तालुक्याला चालू आहे, त्याला मेसनचे पुस्तक मुळीच देऊ नये. यात साक्षीदार वेळेवर हजर असतात, साहेब रजेवर नसतात, समोरचा वकील तारीख मागत नाही. वर उलटतपासणीत खरा गुन्हेगार आपण होऊन कबुली देतो. गार्डनर स्वतः वकील होता, म्हणजे हे त्याने अजाणता लिहिलेले नाही. तरीही दिलेच, तर तो माणूस रात्रीत वाचून सकाळी दारात उभा राहील : “हा मेसन राहात्याला येईल का? आणि एसटीचं भाडं धरून काय घेईल?” फीचा आकडा पुस्तकात सापडतो, पण डॉलरमध्ये.